पिउरी : एका रंगद्रव्याची तीन प्रकारची साक्ष

भारतीय चित्रकलेच्या इतिहासलेखनात शैली, संप्रदाय, आश्रयदाते आणि विषय यांचा विचार विपुल झालेला आहे. त्या मानाने चित्र ज्या द्रव्यांनी घडते त्या द्रव्यांचा विचार फार थोडा झाला. चित्रकाराच्या हाती येणारा रंग हा जणू आयताच उपलब्ध होता, असे गृहीत धरून बहुतेक विवेचन पुढे सरकते. वस्तुतः जुन्या चित्रकारांनी खाणीतील दगड, झाडांचा चीक, किड्यांची लाख, दिव्याची काजळी, शिंपले अशा कितीतरी पदार्थांना रंगाचे रूप दिले. बसोहलीच्या चित्रकारांनी तर दागिन्यांतील पाचू दाखविण्यासाठी भुंगेऱ्याच्या पंखांवरील हिरव्या, चकचकीत कवचाचे बारीक तुकडे कागदावर चिकटविले. अशा द्रव्यांकडे केवळ कुतूहलाचा विषय म्हणून पाहणे पुरेसे नाही. ते कोठून आले, कोणी तयार केले, त्यासाठी काय किंमत मोजावी लागली आणि त्याविषयीची माहिती आपल्यापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचली, हे सर्व प्रश्न इतिहासाचेच आहेत.

या दृष्टीने 'पिउरी' या पिवळ्या रंगद्रव्याचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. युरोपात हे द्रव्य 'इंडियन यलो' या नावाने प्रसिद्ध होते. आंब्याच्या पानांवर ठेवलेल्या गाईंच्या मूत्रापासून ते तयार होई, अशी माहिती १८८३ साली एका भारतीय अधिकाऱ्याने दिली. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी त्या माहितीबद्दलच शंका घेण्यात आली, आणि त्यानंतर रसायनशास्त्राने त्या शंकेचा बहुतांशी निरास केला. या प्रकरणात शब्दांची, लिखित वृत्तान्ताची आणि खुद्द द्रव्याची अशी तीन प्रकारची साक्ष एकत्र येते. या तिन्ही साक्षी कोठे परस्परांना पूरक ठरतात आणि कोठे एकटी साक्ष फसवी ठरते, हे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

शब्दांची साक्ष

'पिउरी' हा शब्द हिंदी व बंगाली प्रदेशांतला. 'पियूरी', 'प्योरी', 'पेवरी' अशी त्याची निरनिराळी रूपे आढळतात. इंग्रजी लेखकांनी त्याचे 'पुरी' असे रूप केले आणि लंडनच्या बाजारात कच्च्या मालाच्या गोळ्यांना तेच नाव पडले. या शब्दाचे मूळ उघड आहे. संस्कृत 'पीत', प्राकृत 'पीअ' या परंपरेतून हिंदीत 'पीला' आणि मराठीत 'पिवळा' हे शब्द आले. 'पिउरी' आणि मराठी 'पिवडी' हे शब्दही याच कुळातले होत.

येथे मराठी वाचकाने सावध राहिले पाहिजे. मराठीत पिवडी म्हणजे पिवळी माती, किंवा तिच्यापासून केलेला भिंतींना देण्याचा रंग. गेरू आणि पिवडी ही जोडी आपल्या परिचयाची आहे. या पिवडीचा गाईशी काही संबंध नाही. ती खनिज आहे. म्हणजे एकाच कुळातले दोन शब्द, अर्थाने अगदी जवळचे, परंतु एकाने दर्शविलेले द्रव्य मातीतले आणि दुसऱ्याने दर्शविलेले प्राणिज. एखाद्या जुन्या हिशेबात अथवा रंगांच्या यादीत असा शब्द आढळला तर त्यावरून द्रव्याची जात ठरविणे धोक्याचे होईल. कारण या शब्दांनी द्रव्य सांगितलेले नाही, फक्त वर्ण सांगितला आहे.

पिवळ्या रंगाच्या इतर नावांशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. 'हरताळ' हा शब्द एका विशिष्ट खनिजाचे, आर्सेनिक व गंधक यांच्या संयुगाचे, नाव आहे. 'हळद' आणि 'केशर' ही वनस्पतींची नावे आहेत. 'गोरोचन' या शब्दात तर द्रव्याचा उगम नावातच सांगितला आहे; गाईच्या पित्ताशयात सापडणारा तो खडा होय. गोरोचन आणि पिउरी ही दोन्ही पिवळी आणि दोन्ही गाईशी निगडित असल्यामुळे त्यांची गल्लत अनेकदा झाली आहे. परंतु ती द्रव्ये भिन्न आहेत आणि त्यांचे उपयोगही भिन्न आहेत.

द्रव्याचे नाव भाषेत किती खोलवर मुरते याचे एक उदाहरण म्हणजे 'हरताळ फासणे' हा मराठी वाक्प्रचार. पोथी लिहिताना चूक झाली की लेखनिक त्या अक्षरांवर हरताळाचा लेप देई. जुना कागदही बहुधा पिवळसर असल्याने चूक झाकली जाई आणि त्यावर नवे अक्षर लिहिता येई. आज पोथ्यांचे लेखन संपले, लेखनिक गेले, हरताळही दृष्टीस पडत नाही. परंतु एखाद्या गोष्टीवर पाणी फिरविण्याच्या अर्थाने हा वाक्प्रचार रोजच्या व्यवहारात टिकून आहे. पिउरीच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. तिच्या कृतीचा मागमूस भाषेत उरला नाही. उरले ते केवळ वर्णवाचक नाव. म्हणूनच तिच्या बाबतीत शब्दाच्या साक्षीवर फार भिस्त ठेवता येत नाही.

युरोपातील तर्क

भारतात मोगल, राजस्थानी आणि पहाडी चित्रांत पिउरीचा उपयोग झाल्याचे आढळते. तिचा वर्ण उबदार, सोनेरी झाक असलेला आणि पारदर्शक असे. हरताळाप्रमाणे ती विषारी नव्हती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज चित्रकारांना तिचा परिचय झाला आणि एकोणिसाव्या शतकात ती तेथील जलरंगांत व तैलरंगांतही मान्यता पावली. पिवळ्या रंगाच्या हव्यासापायी ज्याची समीक्षकांनी थट्टा केली त्या टर्नरच्या रंगसाहित्यात हे द्रव्य होते.

वापर वाढला तरी उगम कोणास ठाऊक नव्हता. रॉजर ड्यूहर्स्ट या हौशी चित्रकाराने १७८६ साली मित्रांना लिहिलेल्या पत्रांत, हळद खाऊ घातलेल्या जनावरांच्या मूत्रापासून हा रंग होतो असे म्हटले आणि वापरण्यापूर्वी तो धुऊन घ्यावा असे सुचविले. फ्रेंच चित्रकार व रंगद्रव्यांचा अभ्यासक मेरिमे याने १८३० साली याच्या उलट मत दिले; वास मूत्रासारखा असला तरी रंग वनस्पतीपासूनच होत असावा असे त्यास वाटले. १८३५ साली इंग्रज रंगतज्ज्ञ जॉर्ज फील्ड याने उंटाच्या मूत्राचा उल्लेख केला. १८४४ साली स्टेनहाउस आणि एर्डमान या दोन रसायनज्ञांनी स्वतंत्रपणे त्या द्रव्याचे पृथक्करण केले. त्यातील मुख्य घटकास पुढे 'युक्झँथिक आम्ल' हे नाव रूढ झाले. परंतु उगमाच्या प्रश्नावर स्टेनहाउसचा कौल वनस्पतीकडेच होता. एखाद्या झाडाचा रस मॅग्नेशियायुक्त करून आटविला जात असावा, असा त्याचा तर्क होता.

या सर्व तर्कांत एक गोष्ट समान आहे. ज्या देशातून गोळे येत त्या देशात जाऊन ते कसे तयार होतात हे या विद्वानांपैकी कोणीही पाहिले नव्हते. कोणाची भिस्त वासावर, कोणाची रंगावर, कोणाची पृथक्करणावर होती. त्यामुळे हळद, उंट आणि अज्ञात वृक्ष असे तीन निरनिराळे उगम एकाच द्रव्याच्या वाट्यास आले.

त्रैलोक्यनाथांचा वृत्तान्त

१८८३ च्या आरंभी क्यू येथील राजकीय वनस्पतिउद्यानाचे संचालक जोसेफ हूकर यांनी या द्रव्याविषयी हिंदुस्थान सरकारकडे विचारणा केली. सरकारच्या महसूल व कृषी खात्यात त्या वेळी त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय (१८४७–१९१९) हे काम करीत होते. देशी कलाकौशल्य आणि कच्चा माल यांची माहिती गोळा करणे हे त्यांचे कार्यक्षेत्र होते. १८८६ च्या लंडन येथील वसाहतींच्या प्रदर्शनासाठी ते विलायतेस गेले, आणि १८८८ साली भारतीय कलावस्तूंवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बंगाली वाङ्मयात मात्र ते 'कंकावती' या अद्भुतरम्य कादंबरीचे लेखक म्हणून ओळखले जातात. हूकर यांच्या विचारणेवरून त्रैलोक्यनाथांनी बिहारमधील मुंगेर येथे जाऊन चौकशी केली. त्यांचा अहवाल १८८३ सालीच लंडनच्या 'सोसायटी ऑफ आर्ट्स'च्या नियतकालिकात छापला गेला. रंगाचे नमुने आणि कृतीशी संबंधित वस्तूही त्यांनी क्यूला पाठविल्या.

त्यांचा पहिला मुद्दा भाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. बाजारात पिउरी दोन प्रकारची होती : एक खनिज, जी लंडनहून आयात होई; आणि दुसरी प्राणिज, जी मुंगेरला तयार होई. म्हणजे १८८३ सालीच या एका नावाखाली दोन सर्वस्वी भिन्न द्रव्ये विकली जात होती, आणि त्यांतील एक तर परदेशातून येऊन देशी नाव धारण करीत होते.

प्राणिज पिउरीची कृती त्यांनी तपशीलवार सांगितली. मुंगेरलगतच्या मिर्झापूर या वस्तीतील काही गवळी हा धंदा करीत. गाईंना आंब्याची पाने आणि पाणी एवढ्यावरच ठेवीत. दिवसातून तीन-चार वेळा हाताने किंचित चोळून त्यांना मूत्रविसर्जन करावयास लावीत, आणि या सवयीमुळे त्या गाईंना आपण होऊन ते करणे अशक्य होई. मूत्र लहान मडक्यांत धरून निवू देत, मग विस्तवावर आटवीत. त्यातून पिवळा साका खाली बसे. तो फडक्यातून गाळून, हाताने गोळा वळून, प्रथम कोळशाच्या आचेवर आणि मग उन्हात वाळवीत. मारवाडी व्यापारी या गवळ्यांना आगाऊ पैसे देत आणि तयार माल पौंडाला सुमारे एक रुपया या भावाने घेऊन कलकत्ता व पाटणा येथे पाठवीत. केवळ पानांवर राहिल्याने गाई खंगतात म्हणून मधूनमधून त्यांना अन्य चाराही देत असल्याचे गवळी सांगत. परंतु त्रैलोक्यनाथांना त्या गाई निरोगी दिसल्या नाहीत. इतर गवळी या धंदेवाल्यांना गाईंचे घातकी म्हणून हीन लेखीत.

अहवालातील आकड्यांची परस्परांशी ताडणी करून पाहता येते. एका गाईपासून रोज सुमारे दोन औंस पिउरी मिळे असे त्यात म्हटले आहे. या हिशेबाने एक गाय वर्षाला जास्तीत जास्त पंचेचाळीस पौंडांच्या आसपास माल देईल, आणि जागच्या भावाने त्याची किंमत सुमारे पंचेचाळीस रुपये होईल. त्याच अहवालात वार्षिक उत्पादन १०० ते १५० हंड्रेडवेट असल्याचे ऐकीव म्हणून नोंदविले आहे. हंड्रेडवेट ११२ पौंडांचा. म्हणजे तेवढ्या उत्पादनासाठी सुमारे अडीचशे ते पावणेचारशे गाई वर्षभर, एकही दिवस खंड न पडता, या कामी लागतील. एका वस्तीतील मूठभर गवळ्यांच्या दृष्टीने ही संख्या फारच मोठी होय. त्रैलोक्यनाथांनी स्वतःच हा आकडा आपणास फुगविलेला वाटतो असे नमूद केले आहे. ऐकीव माहिती आणि स्वतः पाहिलेली वस्तुस्थिती यांत भेद करणारा हा साक्षीदार आहे. अहवालाच्या विश्वसनीयतेचा विचार करताना या एका वाक्याचे मोल मोठे आहे.

लोप आणि शंका

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत खरी पिउरी बाजारातून नाहीशी झाली. गाईंच्या छळामुळे सरकारने कायदा करून हा धंदा बंद पाडला, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले आढळते. कोणी १९०८ हे सालही देतात. परंतु पिउरीचे नाव घेऊन केलेल्या अशा कायद्याचा लेखी आधार या पुस्तकांत दिलेला नसतो. एका लेखकाने दुसऱ्याचे आणि दुसऱ्याने तिसऱ्याचे विधान उचलावे, आणि पुनरुक्तीमुळेच ते प्रमाण ठरावे, असा हा प्रकार आहे. स्वस्त कृत्रिम रंगांची स्पर्धा, धंद्याची अप्रतिष्ठा आणि गाईंची हानी ही कारणे कायद्यावाचूनही पुरेशी होती.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या रंगांच्या इतिहासावरील ग्रंथात इंग्रज लेखिका व्हिक्टोरिया फिनले यांनी एक पाऊल पुढे जाऊन मूळ कृतीबद्दलच शंका घेतली. त्या स्वतः मिर्झापूरला गेल्या. तेथे या धंद्याची आठवण असलेले कोणी त्यांना भेटले नाही. कायद्याचाही माग लागला नाही. सगळा डोलारा एकाच पत्रावर उभा आहे आणि ते पत्र कदाचित विश्वसनीय नसेल, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

एकमेव साक्षीवर विसंबू नये हा नियम योग्यच आहे. परंतु फिनले यांनी दिलेल्या कारणांचे वजन किती, हेही पाहिले पाहिजे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मोजक्या घरांत चाललेला, आपल्याच जातभाईंत निंद्य ठरलेला धंदा गावाने विसरावा यात नवल नाही; निंद्य गोष्टींची आठवण वंशज जतन करीत नाहीत. तसेच कायदा सापडत नाही एवढ्यावरून धंदा नव्हता असे सिद्ध होत नाही. फार तर कायद्याची कथा निराधार ठरते. त्रैलोक्यनाथ अद्भुतकथांचे लेखक होते म्हणून त्यांचा अहवालही कल्पित असेल, असे जर कोणी म्हणेल, तर 'कंकावती' १८९२ ची आहे आणि अहवाल त्यापूर्वी नऊ वर्षांचा आहे हे ध्यानात घ्यावे. शिवाय सरकारी खात्यातील वृत्तान्त आणि ललित कृती यांचे हेतू भिन्न असतात. येथे आणखी एक सूक्ष्म प्रश्न आहे. हळद, उंट आणि अज्ञात वृक्ष हे तर्क करणाऱ्या युरोपीय विद्वानांना त्यांच्या चुकांबद्दल कोणी अप्रामाणिक ठरविले नाही. ज्याने प्रत्यक्ष जाऊन पाहिले त्या भारतीय माणसाच्या सचोटीबद्दल मात्र संशय निर्माण झाला. साक्षीचे मूल्यमापन साक्षीदाराच्या स्थानावरून नव्हे, तर साक्षीच्या गुणांवरून झाले पाहिजे.

द्रव्याची साक्ष

सुदैवाने त्रैलोक्यनाथांनी केवळ शब्द पाठविले नव्हते. वस्तूही पाठविल्या होत्या. क्यूच्या संग्रहात त्या जतन झाल्या. आधुनिक साधनांनी या नमुन्यांचे परीक्षण करणाऱ्या अमेरिकन संशोधकांचा निबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला. नमुन्यांत युक्झँथिक आम्लाबरोबर हिप्पुरिक आम्लही आढळले. हे दुसरे आम्ल गाय, घोडा यांसारख्या तृणभक्षक प्राण्यांच्या मूत्रात विशेषत्वाने असते. त्यामुळे १८८३ च्या वृत्तान्ताशी नमुन्यांची साक्ष जुळते असा निष्कर्ष निघाला.

युक्झँथिक आम्लाची रचनाही याच दिशेने बोट दाखविते. पिउरी म्हणजे मुख्यत्वे या आम्लाचे मॅग्नेशियम व कॅल्शियम क्षार. या आम्लाच्या रेणूत युक्झँथोन नावाचा पिवळा घटक आणि ग्लुक्युरॉनिक आम्ल हे परस्परांशी जोडलेले असतात. अन्नातून आलेले अनावश्यक पदार्थ ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडून, विद्राव्य करून, मूत्रावाटे बाहेर टाकणे ही प्राण्यांच्या शरीरातील सर्वसामान्य प्रक्रिया आहे. आंब्याच्या पानांत 'मँजिफेरिन' नावाचे द्रव्य असते, आणि ते युक्झँथोनच्याच कुळातले आहे. पाने, गाय आणि पिवळा साका यांची साखळी अशा रीतीने जुळते. स्टेनहाउसचा वनस्पतीचा तर्क आणि ड्यूहर्स्टचा मूत्राचा तर्क हे दोन्ही अर्धे खरे होते. रंगाचे बीज झाडात होते आणि त्याचे रूपांतर जनावराच्या शरीरात होत होते.

चित्रांतील पिउरी ओळखण्याचा एक मार्गही उपलब्ध आहे. अतिनील किरणांखाली ती तेजस्वी पिवळी चमकते. हरताळ अथवा पिवडी तशी चमकत नाही. केवळ या चमकेवर अंतिम निर्णय देता येत नाही, रासायनिक परीक्षेची जोड लागतेच. परंतु चित्राला धक्का न लावता प्राथमिक छाननी करण्यास ती उपयोगी पडते.

उपसंहार

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, वर्णवाचक शब्दावरून द्रव्य ठरविता येत नाही. 'पिउरी' १८८३ साली लंडनच्या खनिजालाही म्हणत होते आणि मुंगेरच्या गोळ्यांनाही. मराठी 'पिवडी' तर मातीच आहे. आजही रंगांच्या दुकानात 'इंडियन यलो' नावाची नळी मिळते, परंतु तिच्यात गाय नाही, आंबा नाही आणि भारतही नाही. ती कृत्रिम रंगद्रव्यांची केलेली असते. दुसरा, लिखित वृत्तान्त एकटा असला तरी त्याज्य नसतो. त्याची अंतर्गत संगती, साक्षीदाराची सावधगिरी आणि पडताळ्याची शक्यता पाहून त्याचे मोल ठरते. तिसरा, द्रव्याची साक्ष निर्णायक ठरू शकते, पण ती बोलकी होण्यासाठी नमुना कोणाकडून, कोठून व केव्हा आला हे लिहून ठेवलेले असावे लागते. त्रैलोक्यनाथांचे पत्र नसते तर क्यूच्या कपाटातील गोळे हे केवळ दुर्गंधी येणारे पिवळे गोळे राहिले असते. आणि ते गोळे नसते तर पत्र हा केवळ एका माणसाचा शब्द राहिला असता.

आपल्याकडील संग्रहालयांत व खाजगी संग्रहांत पोथ्या, चित्रे आणि रंगांच्या जुन्या पुड्या आहेत. आणि गेरू, हिंगूळ, हरताळ, पिवडी ही नावे जाणणारी पिढी मावळत चालली आहे. नाव कोणी सांगितले आणि त्याने कोणती वस्तू दाखविली, या दोन्ही गोष्टींची नोंद एकत्र झाली तरच ती पुढील अभ्यासकाच्या उपयोगी पडेल. चित्रातील सोनेरी झळाळीमागे कर्जात अडकलेले गवळी आणि खंगलेली जनावरेही होती, एवढे तरी या एका अहवालामुळे कळले. ज्या रंगांबद्दल असा अहवाल कोणी लिहिला नाही त्यांची किंमत कोणी मोजली, हे शोधण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.